डोलीतून उतरलेली अँटेना

वरंध घाट उतरताना मी गाडीची काच खाली केली आणि राबाचा वास आत आला. वैशाख अर्ध्यावर आला होता. खाली खोऱ्यात भाताची रोपं वाढवायच्या तरव्याच्या तुकड्यांवर काळे चौकोन उमटले होते, एखाद्या चौकोनातून अजून धूर निघत होता. शेण, ऐनाच्या छाटलेल्या डहाळ्यांची कवळं, पालापाचोळा, वर गवत आणि त्यावर मातीचा पातळ थर. हे सगळं सावकाश जळतं तेव्हा जो वास येतो तो धड गोड नसतो, धड कडूही नसतो. मी गाडी कडेला घेतली आणि नुसती उभी राहिले. मागून येणाऱ्या एकाने थांबून विचारलं, "बंद पडली का?" मी म्हटलं, "नाही हो, चालू आहे." तो माझ्याकडे जरा चमत्कारिक बघून निघून गेला.

खरं तर हा वास माझा नव्हे. मी बिरवाडीची. आमच्या खिडकीतून शेत दिसायचं नाही, शिफ्टच्या बसेस दिसायच्या. माझे वडील, अण्णा, औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात ऑपरेटर होते. वारा कुठून सुटलाय हे आम्ही पोरं नाकाने ओळखायचो: आंबूस वास आला की इकडून, जळक्या रबरासारखा आला की तिकडून. राब, तरवा, धूळवाफ हे शब्द मी वर्गातल्या मैत्रिणींच्या तोंडून ऐकलेले. ते माझे झाले काही वर्षांपूर्वीच्या एका वैशाखात, आणि तेही एका अँटेनेमुळे.

माझा धंदा अँटेनांचा. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत आम्ही रडार बनवतो. विमानांसाठी नव्हे, डोंगरांसाठी. दरडी कोसळणाऱ्या उताराच्या समोर हे रडार बसवायचं आणि त्याने दिवसरात्र त्या उताराकडे टक लावून बसायचं. ते रेडिओलहर सोडतं, ती माती-कातळावर आपटून परत येते. परत आलेली लहर कालच्यापेक्षा किंचित मागे पडली किंवा पुढे सरकली, तर तेवढा डोंगर हलला असं समजायचं. केसाएवढं हलणंही त्याला कळतं. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला, उंबरकोंड नावाची वाडी आहे. शेवटचा टप्पा पायीच चढावा लागतो. वाडीच्या डोक्यावर उभा डोंगर, आणि समोर, ओढ्यापलीकडे, एक टेकाड. त्या टेकाडावर आमचं एक रडार होतं आणि त्याला जोडलेला भोंगा वाडीत.

आदल्या पावसाळ्यात हा भोंगा वाजला. लोक म्हाताऱ्यांना पाठुंगळीला मारून, गुरांची दावी सोडून खालच्या शाळेत गेले. काही झालं नाही. पुन्हा वाजला, पुन्हा गेले, पुन्हा काही नाही. पुढच्या खेपेला निम्मेच उठले. मग कोणीच उठेना. पावसाळा सरला तसं रडारही निवलं. पण उन्हाळा तापला तसं ते पुन्हा सांगू लागलं की वरचा सगळाच्या सगळा उतार हलतोय. तालुक्याच्या कचेरीतून निरोप आला: पावसाआधी वाडी खाली करा. घरं, गोठे, राब, सगळं सोडून. आणि आम्हाला विचारणा झाली: हलतोय तो डोंगर, की तुमचं यंत्र?

मी बिरवाडीला आले त्या संध्याकाळी हे सगळं अण्णांना सांगितलं. ते निवृत्त झालेले होते, पण अजून शिफ्टच्या वेळेला चहा मागायचे. ऐकून म्हणाले, "शुभा, भोंगा खोटा वाजला की आम्ही मेंटेनन्सवाल्यांना शिव्या द्यायचो. ते बरं असतं. शिव्या द्यायचं बंद झालं की मला भीती वाटायची. म्हणजे आता कोणी ऐकतच नाही."

माझ्याबरोबर नाईकसर होते. एका मोठ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटकुळे, डोक्यावर सदैव एक मळखाऊ टोपी आणि खांद्याला कोऱ्या चहाचा थर्मास. बिघडलेल्या अँटेनेला ते 'पेशंट' म्हणायचे. ती पुण्याला आणा, असं कंपनीतल्या सगळ्यांनी सुचवलं. सर नाही म्हणाले. "घाटाच्या खड्ड्यांतून तिला एवढं हादरवत आणायचं, आणि इथे येऊन ती ठणठणीत निघाली तर? दुखणं वाटेतच बरं झालं की डोंगर खरंच हलतोय, हे कसं सांगणार? आजारी माणसाच्या घरी डॉक्टरने जावं." नवी अँटेना मिळायला पावसाळा उलटून गेला असता. म्हणून तपासणीचा सगळा संसार आम्हीच टेंपोत घालून नेला.

टेकाडावरच्या खोपटात जागा नव्हती. वाडीत एकच मोठी मोकळी जागा होती, वाघजाईचा सभामंडप. तेव्हा टेकाडावरून अँटेना उतरवून, ओढा ओलांडून, मंडपात आणायची. पोलीसपाटील राघोदादांनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं. दाराच्या फळीएवढा चपटा पांढरा पत्रा, मागे तारांचं जंजाळ. "हादरा बसता कामा नये, येवडंच ना? मग डोली करू," ते म्हणाले.

वाडीतल्या आजारी माणसाला, अडलेल्या बाईला ज्या डोलीतून खाली नेतात, तीच डोली. बांबूला घोंगडी बांधलेली. चार जणांनी अँटेना गोधडीत गुंडाळून तिच्यात ठेवली आणि निघाले. "पाय बघून टाक रे!" "वाकडी नको करू, वाकडी नको करू!" ओढ्यात पाणी नव्हतंच, नुसते गोटे. मी आणि सर मागून चालत होतो, आणि खरंच कोणी घरचं माणूस आत असल्यासारखे आम्ही दोघं गप्प होतो. वाडीच्या तोंडाशी एक बाई डोक्यावर कवळाचा भारा घेऊन येत होती. डोली बघून तिने भारा तसाच खाली टाकला आणि धावत आली.

"कोण हाय गो आत? काय झालं?"

"अँटेना आहे," मी म्हटलं.

"कुणाची?"

राघोदादा हसले. "आपलीच गो, अनसूयावहिनी. समोरच्या टेकाडावरची."

ती थबकली. मग गोधडीचं टोक बाजूला करून तिने आत बघितलं. "बरी होईल ना?" तिने मला विचारलं. तिची माझी ओळख झाली ती अशी. अनसूयाकाकीचं घर वाडीत सगळ्यांत वर, डोंगराला टेकून. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला एका सोसायटीत वॉचमन, सून-नातवंडं तिकडेच. इकडे ती, एक गाय आणि घरामागचा तरव्याचा तुकडा.

मंडपात यंत्र मांडायला देवीचा कौल लागतो. गुरवाने फुलं लावली, आम्ही हात जोडून उभे राहिलो, उजवीकडचं फूल पडलं, म्हणजे होकार. पण अट अशी की देवीकडे पाठ करून काही ठेवायचं नाही. आणि घंटा उतरवायची नाही. पितळेच्या त्या मोठ्या घंटेवरून लहर उलटून आली असती, म्हणून सरांनी अँटेना बाजूच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली, म्हणजे देवीचा मान राहिला आणि घंटाही वाटेतून गेली. समोरच्या भिंतीला आम्ही लहर गिळणारे काळे स्पंजचे सुळके लावले. अनसूयाकाकीने एकाला बोटाने दाबून बघितलं. "बसायला चांगलंय," ती म्हणाली.

अँटेनेसमोर, अगदी वीतभर अंतरावर, आम्ही दोन रूळ उभे केले, एक आडवा, एक उभा. त्यांवरून एक छोटी नळी सरकते. बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतर जायचं, थांबायचं, लहरीची नोंद घ्यायची, पुन्हा सरकायचं. अँटेनेच्या सगळ्या तोंडावरून असं ओळीओळीने फिरायचं.

"येवडं जवळ जाऊन काय दिसतं?" काकीने विचारलं.

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. अँटेना नीट चालते का हे बघायचं तर खरं लांब उभं राहायला हवं. पण मध्ये लांबच लांब मोकळं मैदान हवं, झाड नको, डोंगर नको. ते इथे कुठलं? म्हणून आम्ही जवळून मोजतो. जवळ लहर अजून जुळलेली नसते, नुसता कल्लोळ असतो. पण प्रत्येक ठिकाणी ती किती जोराची आहे आणि तिची कला काय आहे, म्हणजे ती आपल्या हेलकाव्यात नेमकी कुठे आहे, हे दोन्ही टिपलं, की पुढे गणिताने काढता येतं की लांब गेल्यावर ती कशी दिसेल. आणि तेच गणित उलटं चालवलं की अँटेनेच्या अंगावरचा कुठला भाग दुखतोय तेही दिसतं. न उघडता.

काकीने मान हलवली. मग तिला जे विचारायचं होतं ते विचारलं. "माझा राब भाजून झालाय. रोहिणी लागली का धूळवाफेला, कोरड्यातच, पेरायचं. मी पेरू का नको पेरू, येवडं सांग गो."

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "काकी, जरा थांबा. आधी हिला बघू दे."

पत्र्याचं छप्पर तापलं की सगळंच प्रसरण पावतं, रूळ, तारा, सगळं, आणि मोजमाप बिघडतं. म्हणून आम्ही पहाटेची वेळ धरली. वाडी अजून अर्धवट झोपेत, करवंदांच्या जाळीत कुठे तरी पाखरं जागी झालेली, मंडपाच्या फरशीवर पावलं गार पडायची. नळी सरकायची, थांबायची, सरकायची. सर थर्मासच्या झाकणातून कोरा चहा पीत बसायचे. वीज मध्येच जायची, म्हणून सगळं बॅटरीवर. गाय हंबरली तरी माझा जीव वर यायचा, हिच्या खुरांनी फरशी हलली तर!

मोजणी संपली, गणित झालं आणि संगणकावर अँटेनेचं चित्र उमटलं. तिच्या तोंडावरचा प्रत्येक तुकडा जिथल्या तिथे, एका सुरात. कुठे डाग नाही. मी पुन्हा गणित केलं. पुन्हा तेच.

"निरोगी आहे," सर म्हणाले.

मंडपात राघोदादा होते, काकी होती, आणखी दोघे-चौघे. निरोगी म्हणजे काय हे सगळ्यांना कळलं. यंत्र खोटं बोलत नसेल, तर डोंगर हलतोय. राघोदादा उठून पायरीवर जाऊन बसले, वाडीकडे तोंड करून. काकी निघून गेली. थोड्या वेळाने परत आली ती टोपलीत तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी घेऊन. "खाऊन घ्या," ती म्हणाली. "तुमचा काय दोष त्यात?"

हल्ली पुण्याच्या प्रयोगशाळेत हेच काम फार सुबक होतं. बंद खोली, सारखं तापमान, यंत्राचा हात स्वतःच फिरतो. हाताखालची मुलं कानात गाणी लावून मोजणी करतात आणि 'ओके' म्हणून चित्र माझ्याकडे पाठवतात. त्या चित्रातला निर्मळ हिरवा रंग बघितला की मला अजून मंडपातली ती पहाट आठवते. आपलं यंत्र चांगलं निघालं म्हणून वाईट वाटण्याचा तो माझ्या आयुष्यातला एकच दिवस.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काय लिहून द्यायचं हे ठरेना, म्हणून सर म्हणाले एक दिवस जाऊ दे. अण्णांचे गुडघे धरलेले होते, ते दर रविवारी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जात. त्यांनी सरांना आग्रहाने नेलं. दोन म्हातारे विजारी गुडघ्यापर्यंत सरसावून कुंडाच्या काठावर पाय सोडून बसले, मी मागे पायरीवर. अण्णा कारखान्याचे किस्से सांगत होते. सर ऐकत नव्हते. ते पाण्यातून वर येणाऱ्या वाफेकडे बघत होते. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली, त्यांनी तो काढला, पुसला नाही, हातात तसाच धरून ठेवला.

"शुभा, आपण मोजणी पहाटे का घेतली?"

"ऊन चढायच्या आत व्हावी म्हणून."

"आणि भोंगा कधी वाजायचा?"

मी आठवू लागले. आदल्या पावसाळ्यातल्या नोंदी मी इतक्यांदा चाळल्या होत्या की त्या पाठ झाल्या होत्या. उघडीप पडलेले दिवस. दुपारची वेळ. आणि उन्हाळ्यातला तो सगळा उतार हलणं, तेही दुपारीच. आम्ही समजत होतो, ऊन पडल्यावर भिजलेली माती ताणते, सुटते.

"आपण पेशंटला ताप उतरल्यावर तपासलं," सर म्हणाले आणि तसेच ओल्या पायांनी, चपला हातात घेऊन गाडीकडे चालू लागले. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "यांना नेहमी असं होतं का?" मला हसू आलं आणि रडूही.

दुपारी मोजायचं म्हणजे आम्ही ज्याला घाबरत होतो तेच करायचं. अँटेना तापायला हवी होती, पण आमच्या तारा तापायला नको होत्या, नाही तर बदल तिचा की आमचा, हे कळलं नसतं. सरांनी तोड काढली. अँटेना आधी पुरती तापू द्यायची, मग दर थोड्या वेळाने नळीला त्याच एका ओळीवर परत आणायचं. त्या ओळीत जेवढा फरक पडलेला दिसेल तेवढा आमच्या उपकरणांचा, तो वजा करायचा. शिवाय तारांवर ओली गोणपाटं. आणि ओली म्हणजे पाणी आलं. वैशाखात उंबरकोंडला पाणी खालच्या झऱ्यावरून, वाटीवाटीने भरून आणतात.

मी नको नको म्हणत होते. काकी आणि दोन बायकांनी हंडे भरून आणून गोणपाटांवर ओतले. "काकी, प्यायचं पाणी आहे ते."

"मग?" काकी म्हणाली. "डोंगर बघायचा हाय ना आपल्याला? तू तुझं काम कर, पाण्याचं मी बघते."

पत्रा कडकड वाजत होता. घाम डोळ्यांत उतरत होता. बाहेर उन्हात वाडी पांढरी पडलेली, एक कुत्रं सावलीला जीभ काढून पडलेलं, आणि वरच्या बाजूने कुणाच्या तरी उशिरा भाजलेल्या राबाचा धूर उतरत होता. नळी सरकायची, थांबायची, सरकायची, आणि मध्येच त्या ओळीवर परत. मी डोळ्यांची पापणी लवू देत नव्हते. गणित सुरू केलं तेव्हा सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. चित्र वरून खाली उमटत गेलं. हिरवं, हिरवं, हिरवं. आणि खाली डाव्या कोपऱ्यात रंग बदलला.

"सापडलं," सर अगदी हळू म्हणाले.

तेवढा एक कोपरा बाकीच्यांपेक्षा मागे पडला होता. सगळी अँटेना एकसारखी बदलली असती तर रडारने ते ओळखून वजा केलं असतं. पण एकच कोपरा सूर सोडून गेला, म्हणून प्रत्येक दिशेला वेगळी गफलत होत होती आणि रडार ती डोंगराच्या नावावर मांडत होतं. आम्ही मागची पाटी उघडली. त्या कोपऱ्याला लहर पोचवणाऱ्या जोडणीवरच्या झाळणाला, सोल्डरला, केसासारखी भेग होती. गार असताना मिटायची, तापली की उघडायची. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्वतःच्या हाताने ती झाळली. एवढं वय, पण हात जरासुद्धा हलला नाही. पुढच्या दुपारी पुन्हा मोजलं. चित्र निर्मळ.

राघोदादांनी जाऊन घंटा वाजवली. आम्ही जिला एवढे भीत होतो ती घंटा दणदणत होती आणि वाडी गोळा झाली होती. कोणी तरी गूळ आणला. काकी माझा हात धरून म्हणाली, "पेरते आता मी."

"काकी, अजून थोडे दिवस," मी म्हटलं. "वर बसवून बघू दे एकदा."

"आता काय रायलं बघायचं?" ती म्हणाली, पण थांबली.

डोली पुन्हा टेकाडावर गेली. या वेळी उचलणारे गप्पा मारत होते. रडार सुरू झालं. दुपार झाली, उतार स्थिर. दुसरी दुपार, स्थिर. वाडीवरचा तो भला मोठा डोंगर शहाण्या बैलासारखा जागच्या जागी बसला होता. मी जवळपास सामान बांधायला घेतलं होतं, तेव्हा मला तो ठिपका दिसला.

ठिपका लहान होता. काकीच्या घराच्या वर, थोडा उजवीकडे. तो ऊन बघत नव्हता, सावली बघत नव्हता. पहाटेही हलत होता आणि दुपारीही, फार थोडा, पण एकाच दिशेने. खाली. आधीच्या गोंधळात तो बुडून गेलेला होता. आता सगळा डोंगर शांत झाल्यावर त्याचं हलणं दिसू लागलं होतं. मी सरांना दाखवला. त्यांनी पुष्कळ वेळ बघितला. आणखी काही दिवस आम्ही त्याच्यावर लक्ष ठेवून राहिलो, तो थांबावा म्हणून. तो थांबला नाही.

बाकीची वाडी राहू शकत होती. वरची तीन घरं नाही.

काकीला सांगायला सर येतो म्हणाले. मी म्हटलं मी जाते. ती अंगणात बियाणं निवडत बसली होती, सुपात भात, शेजारी गाय. मी खाली बसले. काय बोलायचं ते मनाशी जुळवून गेले होते, ते सगळं विसरले. सरळ सांगितलं. ती निवडत राहिली. मग सूप खाली ठेवलं.

"म्हणजे तुझं यंत्र बरं झालं, नं माझं घर आजारी पडलं."

"काकी..."

"नाय, नाय. तुला नाय बोलत मी." तिने घराकडे बघितलं. कुडाच्या भिंती, पुढे सारवलेली पडवी, मागे उतारावर तिचा राब, काळाभोर, पेरणीसाठी तयार. "ह्या घरात लग्न होऊन आले. घरधनी गेला तो ह्याच पडवीत. मुंबईला पोरगा बोलावतो, मी जात नाय, ती ह्या घरासाठी. आता तूच सांगतेस जा."

मी तिचा हात धरला. हाताला भाताची कुसं लागलेली होती. "मी खात्री नाही देऊ शकत, काकी. पडेलच असं नाही. पण हलतंय. ते खरं आहे."

"पहिल्यांदा खरं नव्हतं."

"नव्हतं. म्हणूनच तर एवढं बघितलं."

तिने सूप पुन्हा पुढे ओढलं. तेवढ्यात राघोदादा आले. त्यांना सरांकडून कळलं होतं. ते अंगणात उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, खालच्या अंगाला माझा राब हाय, दोन तुकडं. एकात तू पेर. नं गाय माझ्या गोठ्यात बांध. घराचं मागनं बघू." काकी म्हणाली, "तुमाला पुरेल काय मग?" "नाय पुरलं तर तुझ्याकडं येईन मागायला," राघोदादा म्हणाले.

रोहिणीच्या आधी तिन्ही घरं खाली आली. कौलं उतरवली, दारं काढली, चुलीचे दगडसुद्धा आणले. मी आणि सर सामान वाहायला लागलो, तर सरांना कोणी काही उचलू देईना. शेवटी त्यांच्या हातात देव्हारा दिला. काकीने राघोदादांच्या तुकड्यात कोरड्या राखेत भात पेरलं. तिची मूठ उघडताना मी बघत होते. ती एका लयीत चालत होती, आणि वरच्या तिच्या स्वतःच्या राबाकडे तिने त्या दिवशी एकदाही बघितलं नाही.

श्रावण लागायच्या आधी, चार दिवसांच्या झडीनंतर, भोंगा वाजला. सकाळची वेळ होती. मी पुण्यात होते, माझ्या फोनवर इशारा आला आणि पाठोपाठ रडारचा संपर्क तुटला. फोन लागेना. राघोदादांचा लागेना, कोणाचाच लागेना. मी बसून राहिले, हातातलं काम हातात. दुपार कलली तेव्हा एक अनोळखी नंबर आला. पावसाचा आवाज, माणसांचा गलका, आणि त्यातून काकी.

"शुभा? हाय गो मी. सगळी हाव आमी. शाळेत हाव. भोंगा वाजला तशी सगळी उठली, येक पण मागं नाय रायला." मग आवाज जरा खाली गेला. "घर गेलं. तिन्ही गेली. तू जेवलीस का?"

मी नाही म्हणाले. "जेवून घे," ती म्हणाली आणि फोन तुटला.

दसऱ्याच्या सुमाराला मी आणि सर उंबरकोंडला गेलो. अण्णाही आले, गुडघे धरत. डोंगराच्या उजव्या अंगाला तांबडी वाट पडली होती, वरपासून ओढ्यापर्यंत, मध्ये मुळासकट उलटलेली झाडं. जिथे घरं होती तिथे आता ओळखण्यासारखं काही नव्हतं. संगणकावरचा ठिपका आणि ती तांबडी वाट मी मनातल्या मनात एकावर एक ठेवून बघितली. सरांनीही बघितली असणार.

खाली खाचरात काकीचं भात पिवळं पडत चाललं होतं. तिने आम्हाला बांधावरून फिरवलं, लोंब्या हातात घेऊन दाखवल्या, अण्णांना काठी आणून दिली. राघोदादांच्या घराशेजारी तिची नवी खोपी उभी राहत होती, अजून वर पत्राच होता. तिथे तिने आम्हाला चहा दिला. सरांना गुळाचा, कोरा, न विचारता.

"मास्तर," ती सरांना म्हणाली. ती त्यांना मास्तरच म्हणायची. "येक सांगते. रागावू नका."

"सांगा ना."

"तुमी डोली मंडपात आणलीत ना, त्या दिवशी मी वाघजाईला नारळ बोलले होते. म्हटलं, आई, ह्यांचं यंत्र खोटं निघू दे. कायमचं खोटं निघू दे, नं माझं घर राहू दे." ती पदराने कप पुसत होती. "तुमी येवडी मेहनत करत होतात, नं मी असं मागत होते."

सरांनी टोपी काढली. त्यांना टोपीशिवाय मी पहिल्यांदाच बघितलं. डोकं लहान मुलासारखं दिसत होतं, विरळ पांढऱ्या केसांचं. चाळीस वर्षं या माणसाने यंत्रं खरी बोलावीत म्हणून डोळे फोडले होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"काकी," ते म्हणाले, "त्या दिवशी मीपण तेच मागत होतो."

काकीने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग उठली, आतून तो द्यायचा राहिलेला नारळ घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिला. "चला मग," ती म्हणाली. "दोघांचा मिळून येकच फोडू."